दुसऱ्या मजल्यावरची पडवी

सुहास गोताड माणसाचं तोंड नंतर बघायचा. आधी माणूस बसलाय कसा ते बघायचा. पाय जमिनीला टेकलेत की लोंबकळतायत, पाठ टेकलीय की हवेत आहे, कोपर कुठे, मान कुठे. हे सगळं बघून झालं की मग नमस्कार-चमत्कार.

माझ्या सुतारकामाच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तेव्हा मी खोक्यावर बसून चहा पीत होतो. उंच, सडपातळ, चष्मा, आणि पायात मोजे. रत्नागिरीत, मे महिन्यात मोजे घालून फिरणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. दारातूनच म्हणाला, "काका, उजव्या बाजूला कमरेत दुखतं ना?"

"वैद्य आहेस?"

"नाय. इंटिरियरवाला."

"मग भिंती बघ. माझी कंबर कशाला बघतोस?"

कंबर दुखत होती. पण चौथीत शाळा सोडलेली असली तरी परक्या माणसाला आपलं दुखणं सांगू नये एवढं मला शाळेशिवाय कळतं. त्याने कोपऱ्यातला प्लायचा एक तुकडा उचलला, माझ्या पायाखाली सरकवला आणि म्हणाला, "आता वायच बसून बघा."

हे वाक्य दिवसातून किती वेळा त्याच्या तोंडून यायचं देव जाणे. खुर्च्यांच्या दुकानात गेला की दुकानदारालाच खुर्चीत बसवायचा. बँकेत गेला तर मॅनेजरला उठवून त्याच्या खुर्चीचा खटका खालीवर करून द्यायचा. एकदा त्याच्या वाडीत एकाच्या बाराव्याला आम्ही दोघं जेवायला गेलो. मयताचा थोरला भाऊ मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत तोंड पाडून बसलेला. लोक जातायत, हात जोडतायत, दोन शब्द बोलतायत. हा गेला, हात जोडले, खाली वाकला आणि म्हणाला, "आबा, मागे सरून बसा. असं कडेला बसलात तर मणका जाईल."

म्हाताऱ्याला रडता रडता हसू फुटलं. "मेल्या, भाऊ गेला माझा, नि तू मणक्याचं काय घेऊन बसलायस!" म्हणाला. पण सरला मागे.

गोताडांचं घर पाली गावाच्या आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे. भातशेती, थोडे काजू. घरटी एखाद-दुसरा पुरुष मुंबईला, ही आमच्याकडची रीत. तो गणपतीला आणि शिमग्याला येणार, चार दिवस राहणार, जाणार. त्याला चाकरमानी म्हणतात. सुहासचा बाप चाकरमानी, चुलते चाकरमानी, बारावीनंतर हाही गेला. तिकडे ड्रॉइंग शिकला, कंपन्यांची ऑफिसं सजवून देणाऱ्या एका फर्ममध्ये लागला. डोंबिवलीला घर घेतलं, लग्न केलं, मुलगी झाली. मग ती साथ आली आणि सगळे चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावाला आले. कुणी ओटीवर, कुणी गोठ्याच्या माळ्यावर, जिथे मोबाइलला रेंज मिळेल तिथे बसून मुंबईचं काम करायला लागले. साथ सरली तसे एकेक करून परत गेले. सुहास आईजवळ राहिला.

"काका, त्या दिवसांत सांजचे वाडीतल्या सगळ्या घरांत दिवे असायचे," तो मला एकदा म्हणाला. "जन्मात मी तसं बघितलं नव्हतं. आता परत कुलपं लागली. ती मला बघवत नायत."

"कुलपं तुझ्या जन्माच्या आधीपासून आहेत."

"म्हणून काय कायमची ठेवायची?"

बायको, वर्षा, तिकडे नोकरीत. मुलगी शाळेत. दोघांचं ठरलं होतं ते असं. रत्नागिरीत याचं काम उभं राहिलं तर मायलेकी इकडे येणार. नाही राहिलं तर हा तिकडे जाणार. त्यासाठी तिने त्याला एक वर्ष दिलं होतं. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, जसं काही मापच देतोय.

त्याचं काम म्हणजे साळवी स्टॉपच्या पुढे एका बिल्डिंगचा दुसरा मजला. मालकाला तिथे लॉज काढायचा होता, सुहासने त्याच्या पाया पडून जागा भाड्याने घेतली. तिथे ऑफिस करायचं. कुणाचं? कुणाचंच नाही. ज्याची कंपनी मुंबई-पुण्याला, त्याने इथे यावं, टेबल घ्यावं, दिवसभर आपलं काम करावं आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन आमटीभात जेवावा.

"म्हणजे कुणाचं टेबल कुठलं ते ठरलेलं नाय?" मी विचारलं.

"नाय. येईल तो बसेल."

"मग ते ऑफिस कसलं? एसटी स्टँडवरचं बाकडं झालं."

"काका, आता हेच चालतं. मोठमोठ्या कंपन्यांत साहेबालापण स्वतःची खुर्ची नाय."

"मग तो साहेब आहे हे कळतं कसं?"

"कळत नाय. गंमत तीच तर आहे!"

मला त्यात गंमत वाटली नाही. मी ज्या साहेबांची टेबलं केली ती सागवानाची होती. एकदा जागेवर ठेवली की साहेब बदलायचे, टेबल हलत नसे. सुहासची टेबलं पोकळ पायांची, चाकांवर पळणारी. वरती भुसा दाबून केलेली फळी. मी म्हटलं, हे आमच्या पावसात पावासारखं फुगेल. तो म्हणाला, कडा नीट बंद करू. मी म्हटलं, कडा बंद केल्या तरी कोकणातली हवा वाट काढते. शेवटी जलरोधक प्लाय आणायला लावला, तेव्हाच रंधा हातात घेतला. माझं नाव लागणार होतं त्या कामाला.

भांडणं रोजची. तो छताला खालून तक्ते मारीना, वरचे पाइप उघडेच ठेवले आणि त्यांना काळा रंग दिला. "हीच फॅशन आहे," म्हणाला. माझ्या दुकानाचं छप्पर जन्मभर तसंच आहे, मला कुणी फॅशनवाला म्हटलं नाही. बसायला मोठमोठी पोती आणली, आत थर्माकोलचे दाणे. पोत्यात रुतलेला माणूस काम काय करणार, तो झोपणार. आणि एका भिंतीला चक्क प्लास्टिकचं गवत! मी त्याला हाताला धरून खिडकीत नेलं. बाहेर पाऊस सुरू होता, समोरच्या कंपाउंडच्या चिऱ्यांतून हातभर रान उगवलेलं.

"हे फुकट आहे," मी म्हटलं, "आणि तू विकतचं लावतोस?"

"काका, लोकांना हिरवं बघायला आवडतं. खरं एसीत मरतं."

"मग एसी बंद कर."

यावर मात्र बराच वेळ हसला. गवत काही काढलं नाही.

पण एक गोष्ट त्याने केली तिच्यासाठी मी त्याचे सगळे पाइप माफ केले. मधला भाग त्याने मोकळा ठेवला आणि तिथे पडवी करायला सांगितली. फणसाच्या लाकडाची लांब बाकं, पाठीला किंचित कलती, भिंतीला काथ्याच्या चटया, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर आदळत नाही. फणस घासला की हळदीसारखा पिवळा निघतो. बाक तयार झालं की हा मोज्यांतच त्याच्यावर उभा राहायचा, बसायचा, आडवा व्हायचा, आणि पाठीचा कल मला पुन्हापुन्हा बदलायला लावायचा. दुसऱ्या कुणी लावला असता तर मी हत्यारं उचलून घरी गेलो असतो.

फोनवर बोलायला त्याने काचेची एक खोली केली होती, एक माणूस उभा मावेल एवढी. तिला इंग्रजीत काहीतरी नाव होतं. मी तिला न्हाणी म्हणायचो. हळूहळू रंगारी म्हणायला लागले, वायरमन म्हणायला लागला आणि ऑफिस सुरू झाल्यावर लॅपटॉपवालेही विचारायला लागले, "न्हाणीत कोण आहे रे?" सुहासने दारावरची इंग्रजी पट्टी काढून टाकली.

ऑफिस उघडलं ते गणपतीच्या तोंडावर. पूजेला आई आली होती, सुहासची. बारकी, काळी, नऊवारीतली बाई. सगळीकडे फिरून आली, प्लास्टिकच्या गवतावर हात फिरवून बघितला. पडवीत आली तशी बाकाला पाठ लावून खाली फरशीवर बसली.

"आई, वर बस ना," सुहास म्हणाला, "वायच बसून बघ तरी."

"पडवीत कोण बाकड्यावर बसतं रे?" ती म्हणाली, "हितं खाली बरं वाटतंय." मग माझ्याकडे बघून, "सुतारानू, चांगली केलाव हो. आता माणसं येऊ देत."

माणसं आली. मी डोळ्यांनी बघितलं. चतुर्थीच्या आधी तीन-चार दिवस चाकरमानी उतरायला लागले आणि पोरं लॅपटॉप घेऊन दुसरा मजला चढायला लागली. कंपनीने गावाहून काम करायची सूट दिलेली, पण गावात रेंज नाही, मग सुहासकडे. टेबलं भरली, पोती भरली, पडवीत मांडीला मांडी लावून बसले. न्हाणीला रांग. सकाळी आरती करून यायचे, कपाळाला गंध, खिशात पंचखाद्य, आणि कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलायचे. बटण दाबलं की वर-खाली होणारं एक टेबल होतं. ते एकाने उभं राहून काम करायला वर नेलं आणि नेमकी वीज गेली. तो बिचारा दुपारपर्यंत उभाच! तरी खूश.

जो तो सुहासच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "मस्त केलंस रे. मुंबईतपण असं नाय. मी तर आता इथूनच काम करणार." मी तिथे बिजागऱ्या आवळत होतो, माझ्या कानाने ऐकलंय. वर्षाही मुलीला घेऊन आली होती. मुलगी जाळीच्या खुर्चीत बसून गरगर फिरत होती, वर्षा पडवीत बसून रत्नागिरीतल्या शाळांची चौकशी करत होती. त्या दिवसांत सुहासच्या पायात मोजे नव्हते. चढ-उतार करून भिजायचे म्हणून असेल, पण मला तो तसा बरा दिसला.

त्यातच तो माझ्याकडे आला. "काका, आणखी टेबलं पायजेत. जागा पुरत नाय."

"गौरी जाऊ दे. मग बोलू."

"मग कशाला? आता गरज आहे."

"सुहास, पाहुणे मोजून कुणी घर वाढवत नाय."

त्याला राग आला. मला तो एवढा रागावलेला परत दिसला नाही. "हे पाहुणे नायत, काका. हे गावचे लोक हायत. हा बावकर, हा मांडवकर, हा आमच्या वाडीतला संदेश. यांची घरं हायत इथे, शेतं हायत!"

मी टेबलं करून दिली. माझं काम लाकडाचं.

जो मुंबईत जन्मला, वाढला, तो असली चूक करणार नाही. तो गर्दी बघेल आणि म्हणेल, सण आहे. ही चूक आमच्याच माणसाच्या हातून व्हायची. आम्हाला चाकरमानी घरात दिसला की वाटतं, आला. दर वर्षी वाटतं. आईला वाटतं, बायकोला वाटतं, गोठ्यातल्या बैलालाही वाटत असेल.

गौरी गेल्या. रात्रीच्या गाड्या भरून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी नवीन टेबलांचे खटके बघायला वर गेलो, तर सुहास एकटा खुर्च्या नीट लावत होता. प्रत्येक खुर्ची बसणाऱ्याच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त झालेली. तो ती मूळ मापाला आणून ठेवत होता.

"थकलेत सगळे," म्हणाला. "सोमवारपासून येतील."

पुढे कुणी आलं नाही असं नाही. येत होते, दिवाळीत, शिमग्याला. एरवी एक मुलगी रोज यायची, शमिका नावाची, पुण्याच्या कंपनीचं काम करणारी. खिडकीजवळचं टेबल तिचं झालं होतं. तिथे कुणाचं टेबल ठरलेलं नसायचं, पण तिचं ठरलं, कारण वाद घालायला दुसरं कुणी नव्हतं. सुहास तिच्यासाठी एसी लावायचा, दिवे लावायचा, चहा करायचा. मी म्हटलं, "एका माणसासाठी एवढं?" तर म्हणाला, "काका, एक माणूस गावात राहिलाय. ती मोजायची नाय?"

पुढच्या पावसाळ्याच्या आधी तिच्या कंपनीचं बोलावणं आलं. सगळ्यांनाच येत होतं तसं. घरून काम पुरे, ऑफिसला या. सोबत नवीन ऑफिसचे फोटो. पोरगी रडवेली होऊन सुहासला दाखवत होती, मी मागून बघितले. झाडं, लाकडाची बाकं, एक झोपाळा, खाली लिहिलेलं की आता ऑफिसातही घरच्यासारखं वाटेल.

सुहासने चष्मा वर करून एकेक फोटो मोठा करून बघितला. "लाइट चांगला घेतलाय," म्हणाला. "बाकाची पाठ जरा सरळ झालीय." मग तिला मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "तिथे गेलीस की खुर्ची वायच खाली घे. तुझे पाय लोंबकळतात."

त्यानंतर त्याच्या जुन्या फर्ममधून फोन आला. पडवीचे फोटो कुणीतरी त्यांना पाठवले होते. त्यांना ते फार आवडले. कंपन्या आता म्हणे माणसं ऑफिसात परत यावीत म्हणून ऑफिसं घरासारखी करून मागतायत. फणसाचं लाकूड, काथ्या, कौलाचा रंग, बसायला पडवी. हे ज्याला जमतं असा माणूस त्यांना हवा होता.

हे तो मला सांगत होता तेव्हा आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. बाहेर दुपार होती, आत एक पंखा चालू.

"म्हणजे तू तिकडे पडव्या बांधणार," मी म्हटलं, "म्हणजे इकडच्या पडवीतला माणूस तिकडे जाऊन बसेल."

"होय."

"आणि ते तुला दिसतंय."

"दिसतंय ना, काका. मी आंधळा नाय." मग म्हणाला, "वर्षाने वर्ष दिलं होतं. संपलं. मुलीचा प्रवेश तिकडेच घेतलाय."

असं होतं तेव्हा लोक धीर देतात, सगळं ठीक होईल म्हणतात. मला ते येत नाही. मुळात ठीक होणार नव्हतं. मी त्याला विचारलं, "आईचं काय?"

"आई म्हणते, मी हितंच बरी."

ही बाकं त्याने मुंबईला न्यायचं ठरवलं. नमुना म्हणून दाखवायला. मीच ती खोलली, गोणपाटात गुंडाळली, टेम्पोत चढवली. जाळीच्या खुर्च्या एका क्लासवाल्याने घेतल्या, पोती एका लॉजवाल्याने. प्लास्टिकचं गवत मात्र कुणालाच नको होतं. मजल्यावर मालकाने अखेर लॉजसाठी खोल्या काढल्या. काचेची न्हाणी त्याने खरोखरच न्हाणी करायला घेतली, पण नळ बसेना म्हणून सोडून दिली.

सुहास गेला त्या दिवशी मी स्टेशनवर वगैरे गेलो नाही. त्याने बोलावलंही नव्हतं. मधे एकदा फोन आला, त्या बाकांसारखी आणखी बाकं हवीत, एका मोठ्या कंपनीसाठी. मी म्हटलं, फणसाचं लाकूड संपलं. संपलं नव्हतं. पण माझ्या हाताने मी आणखी पडव्या तिकडे धाडणार नव्हतो. "कंबर कशी आहे?" एवढं त्याने विचारलं आणि फोन ठेवला.

तो मला शेवटचा दिसला तो यंदा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, बाजारात. भर गर्दी, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीचं सामान घ्यायला सगळा तालुका लोटलेला. गाडीच्या टपावर बॅगा बांधलेल्या, आत वर्षा आणि मुलगी. त्याच्या एका हातात माटवीला बांधायची कवंडळाची फळं, दुसऱ्या हातात सुपारीचा घोस. पोट सुटलंय थोडं. मला बघून रस्ता ओलांडून आला, वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं, आणि मी म्हटलं,

"कधी आलास रे?"

तोंडातून गेलं. इथे राहणारा माणूस रस्त्यात भेटला तर आम्ही 'कुठे चाललास' म्हणून विचारतो. 'कधी आलास' हे चाकरमान्याला विचारायचं. हे कुणाला शिकवावं लागत नाही, कोकणातल्या पोरालाही कळतं. सुहासला कळलं. हातातली कवंडळं त्याने उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"काल," म्हणाला.

त्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा यायचाच असतो, जीभ थांबत नाही. "किती दिवस हायस?"

"गौरी जाईपर्यंत."

"मग ये दुकानावर."

"येतो की," तो म्हणाला.

मागून गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. वर्षाने काच खाली करून हाक मारली, तो पळत गेला, कवंडळं मुलीच्या मांडीवर दिली, आणि गाडी पालीच्या रस्त्याला लागली. मी दुकानात परत येऊन बसलो. गौरी येऊन गेल्या. येतो की, असं सगळेच म्हणतात.